दूरच्या पेढीवरचा मुनीम

२०२३ सालच्या २३ ऑगस्टची सायंकाळ आमच्या घरी काहीशा घाईची होती. गोसीखुर्द धरणापासून थोड्या अंतरावर, पवनीच्या वाटेवर आमचे धान-तांदळाचे दुकान आणि त्यामागेच घर आहे. घरातील वडीलधारी मंडळी सूर्यास्तापूर्वी जेवणारी. त्यामुळे त्या दिवशी पाने नेहमीपेक्षा लवकर मांडली गेली आणि पावणेसहाच्या सुमारास सारे कुटुंब दूरचित्रवाणी संचासमोर येऊन बसले. दुकानाचे एकच दार उघडे ठेवले होते. त्या दाराने एक वृद्ध शेतकरी आत आले. त्यांच्या घराण्याशी आमचा धानाचा व्यवहार तीन पिढ्यांचा आहे. आम्ही सारे त्यांना काकाजी म्हणतो. वैनगंगेवर धरण झाले तेव्हा ज्या गावांत पाणी शिरले, त्यांपैकी एक त्यांचे. आता ते पुनर्वसनाच्या गावठाणात राहतात.

सहा वाजून चार मिनिटांनी ‘चांद्रयान-३’चा ‘विक्रम’ हा अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद टेकला. मुलांनी टाळ्या पिटल्या, आजीने हात जोडले. काकाजी मात्र पडद्याकडे पाहत शांत बसले होते. सारा गलबला ओसरल्यावर त्यांनी विचारले, “सेठजी, त्या गाडीत मानूस नाही म्हनता. मंग तिथं पाहाते कोन? अन् हा बिनमानसाच्या गाडीचा खर्च आपल्या धरनाहून जास्त का कमी?”

प्रश्न दोन होते आणि दोन्ही रास्त होते. ज्या माणसाने एका मोठ्या कामासाठी आपले गाव दिले, त्याला देशाच्या दुसऱ्या मोठ्या कामाचा जमाखर्च विचारण्याचा अधिकार आहेच. त्या सायंकाळी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. पुढे बरेच वाचन झाले, जाणकारांशी बोलणे झाले. त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

माणसाऐवजी यंत्र का?

‘यंत्रमानव’ हा शब्द उच्चारताच दोन हात, दोन पाय आणि चमकणारे डोळे असलेली पोलादी आकृती मनापुढे उभी राहते. अवकाशात काम करणारे यंत्रमानव बहुधा असे दिसत नाहीत. ‘विक्रम’ हे चार पायांवर उभे राहणारे, सुमारे साडेसतराशे किलो वजनाचे यान होते. त्याच्या पोटातून उतरलेली ‘प्रज्ञान’ ही सहा चाकांची बग्गी अवघ्या २६ किलोंची, म्हणजे आपल्या दुकानातील तांदळाच्या लहान कट्ट्याएवढी. तरीही या दोहोंना यंत्रमानव म्हणावे लागते. कारण भोवतालची परिस्थिती पाहणे, तिचा अर्थ लावणे आणि नेमून दिलेल्या मर्यादेत आपणहून कृती करणे, ही त्यांची कामे होती. रूप माणसाचे नसले तरी कर्तव्य माणसाचेच होते.

माणसाला चंद्रावर पाठवायचे तर त्याच्यासोबत हवा, पाणी, अन्न आणि योग्य तापमान पाठवावे लागते. आणि या सर्वांहून अवघड म्हणजे त्याला सुखरूप परत आणावे लागते. चंद्रावर वातावरण नाही. तेथील दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. त्या रात्री तापमान शून्याखाली शंभर अंशांच्या कितीतरी खाली उतरते. १९६९ ते १९७२ या काळात १२ अंतराळवीर चंद्रावर चालून आले. त्यानंतर गेल्या पन्नास वर्षांत कोणाचेही पाऊल तेथे पडलेले नाही. यंत्रांची ये-जा मात्र थांबली नाही. १७ नोव्हेंबर १९७० रोजी सोव्हिएत संघाची ‘लुनोखोद-१’ ही बग्गी चंद्रावर उतरली आणि सुमारे साडेदहा किलोमीटर फिरली. परक्या भूमीवर चाक फिरविण्याचा मान तिचा. १९७७ मध्ये निघालेले ‘व्हॉयेजर-१’ आज पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर गेले आहे. त्याचा निरोप आपल्यापर्यंत पोहोचायला २२ तासांहून अधिक वेळ लागतो. इतक्या दूर कोणत्याही माणसाला पाठविता आले नसते, आणि पाठविणे योग्यही ठरले नसते.

भारताच्या ‘गगनयान’ मोहिमेतही हाच क्रम ठरला आहे. भारतीय अंतराळवीर यानात बसण्यापूर्वी मानवरहित उड्डाणात ‘व्योममित्र’ ही स्त्रीरूपातील यंत्रमानवी पाठविण्याची योजना आहे. जिवाचा धोका असेल तेथे आधी यंत्राने जावे आणि वाट निर्धोक ठरल्यावर माणसाने पाऊल टाकावे, अशी ही रीत आहे.

मालक दूर, मुनीम एकटा

‘तिथं पाहाते कोन?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या व्यापारी घराण्यांना सहज समजेल.

आमच्या पणजोबांची एक पेढी रायपूरला होती. पत्र जायला दिवस लागत, तार महाग पडे. त्यामुळे तेथील मुनिमाला निघतानाच तोंडपाठ सूचना दिलेल्या असत. भाव अमुक इतका उतरला तर माल घ्यावा. अमुक इतका चढला तर थांबावे. आणि एखादी गोष्ट संशयास्पद वाटली तर कोणताही व्यवहार न करता पेढी बंद ठेवावी, पत्र लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी. या तिसऱ्या सूचनेनेच पेढी वाचते, असे पणजोबा म्हणत.

अवकाशातील यंत्रमानव हा असाच दूरच्या पेढीवरचा मुनीम आहे. चंद्रापर्यंत आपला रेडिओ संदेश सव्वा सेकंदात पोहोचतो. जाऊन येऊन अडीच सेकंद. मंगळाचे अंतर बदलते असल्यामुळे तेथे नुसते पोहोचायलाच कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त बावीस मिनिटे लागतात. मंगळावर एखादी बग्गी खड्ड्याच्या काठावर आली, तर तिने टिपलेले चित्र पृथ्वीवर येईतो ती केव्हाच खड्ड्यात गेलेली असेल. म्हणून ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार तिच्याकडेच सोपवावा लागतो. कॅमेऱ्याच्या जोड डोळ्यांनी ती पुढील जमिनीचा चढ-उतार मोजते, दगड टाळते आणि वाट निवडते. वीज कमी पडली, एखादे उपकरण बिघडले किंवा आकडे जुळेनासे झाले, तर अत्यावश्यक तेवढे चालू ठेवून बाकी सारे बंद करते आणि पृथ्वीकडे तोंड करून आज्ञेची प्रतीक्षा करते. शास्त्रज्ञ या स्थितीला ‘सुरक्षित अवस्था’ म्हणतात. पणजोबांची तिसरी सूचना ती हीच.

विश्वासू मुनीम नेमलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ पेढी सांभाळतो, याचेही दाखले आहेत. अमेरिकेची ‘ऑपॉर्च्युनिटी’ बग्गी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली. तिच्याकडून ९० दिवसांच्या कामाची अपेक्षा होती. ती २०१८ च्या जूनपर्यंत काम करीत राहिली आणि ४५ किलोमीटरांहून अधिक चालली. अखेर साऱ्या ग्रहाला वेढणाऱ्या धुळीच्या वादळात तिच्या सौर पट्टिकांना सूर्यप्रकाश मिळेनासा झाला. २०२१ मध्ये मंगळाच्या विरळ हवेत प्रथमच उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरकडून पाच उड्डाणांची अपेक्षा होती. त्याने ७२ उड्डाणे केली.

बुडालेल्या खात्याचा अभ्यास

मुनीम कितीही चतुर असला तरी त्याला दिलेल्या सूचनाच अपुऱ्या असतील तर पेढी बुडते. भारताने हा अनुभव ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे घेतला. ‘चांद्रयान-२’चा अवतरक चंद्रभूमीच्या अगदी जवळ असताना त्याच्याशी संपर्क तुटला आणि तो वेगाने आदळला. सारा देश हळहळला.

त्यानंतर जे घडले ते मला यशाहूनही अधिक अनुकरणीय वाटते. अवतरकाने शेवटच्या क्षणापर्यंत पाठविलेल्या आकड्यांची छाननी झाली आणि कारणे उघडपणे सांगितली गेली. गती कमी करणारी पाच इंजिने अपेक्षेपेक्षा थोडा अधिक जोर देत होती, त्यामुळे लहान लहान चुका साठत गेल्या. त्या सुधारण्यासाठी यानाला झटकन वळायला हवे होते. परंतु किती वेगाने वळावे यावर आज्ञावलीचे बंधन होते. शिवाय उतरण्याची जागा लांबी-रुंदीने प्रत्येकी अवघी ५०० मीटर ठरविलेली होती. तेवढ्याच जागेत पोहोचण्याच्या धडपडीत यानाचा वेग वाढला. मुनीम प्रामाणिक होता. मालकाने आखलेली चौकट अरुंद होती.

‘चांद्रयान-३’ रचताना इस्रोच्या अभियंत्यांनी प्रश्नच फिरविला. सारे सुरळीत झाले तर यान कसे उतरेल, हा विचार झालेलाच होता. आता काय काय बिघडू शकेल, याची यादी त्यांनी केली. एखादा संवेदक बंद पडला तर? इंजिनाने दगा दिला तर? गणित चुकले तर? अशा प्रत्येक ‘तर’साठी तोड शोधली गेली. उतरण्याची जागा सुमारे चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद केली. इंजिने पाचाऐवजी चार ठेवली, इंधन वाढविले, पाय अधिक मजबूत केले, सौर पट्टिका मोठ्या केल्या आणि वेग मोजणारे एक नवे लेसर उपकरण बसविले. क्रेन आणि हेलिकॉप्टर यांच्या साहाय्याने पृथ्वीवर पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या.

१४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून यान निघाले. २३ ऑगस्टला चंद्रभूमीपासून ३० किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे ६,००० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ‘विक्रम’कडे सर्व सूत्रे सोपविण्यात आली. पुढील सुमारे १९ मिनिटे बंगळूरच्या नियंत्रणकक्षातील मंडळीही आपल्यासारखीच प्रेक्षक होती. गती घटविणे, तोल सांभाळणे, खालची जमीन न्याहाळून सपाट जागा निवडणे, हे सारे त्या यंत्राने एकट्याने केले. त्या सायंकाळी पडद्यावर आपण जे पाहिले, ते चार वर्षांपूर्वी बुडालेल्या खात्यातून काढलेले भांडवल होते.

चौदा दिवसांची रोजकीर्द

‘प्रज्ञान’चा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर होता, बांधावरून चालणारी गोगलगायही त्याहून फार मागे राहिली नसती. सौर पट्टिकांपासून तिला मिळणारी वीज ५० वॅट. एवढ्या सामग्रीवर तिने सुमारे १०० मीटर वाट चालून दाखविली. २७ ऑगस्टला तिच्यापुढे तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचे विवर आले; तिला मागे वळण्याची आज्ञा मिळाली आणि ती सुरक्षित वाटेने पुढे गेली. लेसरच्या झोताने मातीचा सूक्ष्म कण तापवून, निघालेल्या प्रकाशावरून त्यातील मूलद्रव्ये ओळखणारे एक उपकरण तिच्यावर होते. दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या मातीत गंधक आहे, हे त्याने प्रत्यक्ष जागेवर दाखविले. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, टायटॅनियम यांचीही नोंद झाली. ‘विक्रम’ने जमिनीत खोचलेल्या तापमापकाने आणखी एक नवल टिपले. पृष्ठभाग पन्नास अंशांच्या आसपास तापलेला असताना केवळ आठ सेंटिमीटर खाली तापमान शून्याच्याही खाली दहा अंशांपर्यंत उतरले होते.

बग्गीवरील दुसरे उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने घडविलेले होते. त्याने २३ ठिकाणी केलेल्या मोजमापांचा निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चंद्र आरंभी वितळलेल्या खडकाचा गोळा होता आणि दुधावर साय यावी तशी हलकी खनिजे वर तरंगून त्याचे कवच बनले, असा एक सिद्धान्त आहे. त्याला या आकड्यांनी बळ दिले. सुमारे शंभर मीटरांच्या वाटेवरून चंद्राच्या अब्जावधी वर्षांपूर्वीच्या जन्मकाळाचा पुरावा हाती आला.

३ सप्टेंबरला ‘विक्रम’ने आपली इंजिने पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटर उडी घेतली आणि शेजारीच उतरून दाखविले. उद्या चंद्रावरून माती घेऊन परत यायचे तर हीच उडी कामी येणार आहे. मग रात्र जवळ आली तशी दोन्ही यंत्रे निजविण्यात आली. २२ सप्टेंबरला त्यांना जागविण्याचा प्रयत्न झाला. उत्तर आले नाही. नेमून दिलेले काम मात्र पूर्ण झाले होते.

व्यापारी घराण्यांचा वारसा

‘विक्रम’ हे नाव भारतीय अवकाश संशोधनाचे जनक डॉ. विक्रम साराभाई यांच्या स्मरणार्थ दिलेले आहे. १९१९ साली अहमदाबादच्या उद्योगपती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरी गिरण्यांचा व्यवसाय होता, वैभव होते. तरी त्यांनी १९४७ मध्ये वर उल्लेखिलेली भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापिली आणि १९६३ मध्ये केरळातील थुंबा या मासेमारांच्या गावातून भारतातील पहिले अग्निबाण उड्डाण घडवून आणले. त्यांच्या प्रयोगशाळेत घडलेले उपकरण त्यांच्याच नावाच्या यानातून चंद्रावर उतरले, हा योग अर्थपूर्ण आहे.

सोलापूरच्या व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद दोशी यांनीही घरच्या पेढीची चाकोरी सोडून बांधकाम, जहाजवाहतूक, विमाननिर्मिती आणि मोटार असे तेव्हा वेड्यासारखे वाटणारे उद्योग आरंभिले. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात त्यांनी माळरानावर वसविलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात आज इस्रोच्या अग्निबाणांचे अवजड भाग घडतात. ‘चांद्रयान-३’ला वर नेणाऱ्या बाणाच्या दोन्ही बाजूंना जे प्रचंड घन इंधनाचे बाण असतात, त्यांची कवचे बनविणाऱ्या कारखान्यांत त्याची गणना होते. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातूनही इस्रोसाठी इंजिने पुरविली जातात. साराभाई आणि दोशी ही दोन्ही घराणी आपल्याच समाजातील. नफ्याचा आकडा दिसण्यापूर्वी दूरवरच्या कामात भांडवल घालण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. आज आपल्या घरातील एखाद्या मुलाने दुकानाऐवजी यंत्रशास्त्राची किंवा संगणकाची वाट धरली, तर हे स्मरण ठेवावे.

आपल्या विदर्भाला तर या अभ्यासाची जिवंत शाळाच लाभली आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. चंद्र आणि मंगळ यांवरही बेसाल्टात पडलेली विवरे विपुल असल्यामुळे जगभरातील अभ्यासक तुलनेसाठी लोणारकडे वळतात. ‘प्रज्ञान’ ज्या विवरापुढून मागे फिरली, त्याचे कितीतरी मोठे भावंड आपल्याला बसमध्ये बसून पाहता येते.

पाडव्याच्या रात्रीचे लोखंडी कडे

जमेची बाजू सांगितली. आता नावेची बाजूही सांगितली पाहिजे. ती बाजू आमच्या परिसराने डोळ्यांनी पाहिली आहे.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस होता. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांग सरकत गेली. कोणी तिला उल्का म्हणाले, कोणी विमानाचा अपघात. त्याच रात्री गोसीखुर्दच्या दक्षिणेला, चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आकाशातून पडले. पुढील काही दिवसांत आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. इस्रोचे पथक येऊन त्यांची तपासणी करून गेले. ते अवशेष २०२१ मध्ये उडालेल्या एका चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे असावेत, असे अभ्यासकांनी कक्षेच्या गणितावरून सांगितले. सुदैवाने कोणाच्याही जिवाला इजा झाली नाही.

हे कडे म्हणजे माल पोहोचविल्यावर वाटेत टाकून दिलेला बारदाना होता. पृथ्वीभोवती असे किती पडून आहे? ज्यांची नोंद ठेवून मागोवा घेतला जातो, अशा तुकड्यांचीच संख्या ३०,००० हून अधिक आहे. खालच्या कक्षांत ते सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरतात. एवढ्या वेगात लहानसा तुकडाही चालत्या उपग्रहाला निकामी करू शकतो.

हा पसारा आवरण्याचे कामही यंत्रमानवांकडेच येत आहे, कारण तेथे माणसाला झाडू देऊन पाठविणे शक्य नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोने पाठविलेल्या अग्निबाणाचा चौथा टप्पा काम संपल्यावर टाकून न देता प्रयोगांसाठी वापरला. त्यावर दोन यांत्रिक हात बसविले होते. एक हात स्वतःच आपली जागा बदलून चालू शकणारा. दुसऱ्यावर कॅमेरा होता. तरंगत्या वस्तूच्या हालचालीचा अदमास घेऊन ती पकडता येते का, हे त्याने पाहायचे होते. अवकाशातील भंगार गोळा करण्याची ही बाराखडी म्हणता येईल. पुढे एप्रिल २०२५ मध्ये तो टप्पा पृथ्वीच्या वातावरणात आणून समुद्रावर नष्ट करण्यात आला. २०३० पर्यंत आपल्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट भारताने जाहीर केले आहे. जो माल आपण बाहेर पाठवितो, त्याचा बारदाना कोणाच्या अंगणात पडतो, हेही आपल्याच वहीत लिहिले गेले पाहिजे.

दोन खात्यांचा जमाखर्च

आता काकाजींचा दुसरा प्रश्न. ‘चांद्रयान-३’चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये. देशाच्या १४० कोटी लोकसंख्येवर वाटला तर माणशी साडेचार रुपयेही पडत नाहीत. गोसीखुर्द प्रकल्पाची मूळ मंजुरी ३७२ कोटी रुपयांची होती. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि सुधारित खर्च वाढत वाढत १८,००० कोटींच्या पलीकडे गेला. तेव्हा काकाजींना उत्तर सरळ आहे: बिनमाणसाच्या गाडीचा खर्च धरणाहून पुष्कळच कमी.

परंतु दोन वेगळ्या जिनसांचे भाव एका काट्यावर तोलणे व्यापारनीतीला धरून नाही. सुमारे अकरा किलोमीटर लांबीची भिंत, ३३ दरवाजे, अडीच लाख हेक्टरांच्या सिंचनाचे उद्दिष्ट आणि हजारो कुटुंबांचे पुनर्वसन, हे काम एका यानाहून कितीतरी अवघड आहे. चंद्रावर कोणाचे घर हलवावे लागत नाही. शिवाय या दोन खात्यांचे एकमेकांशी वैरही नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यासह नदीकाठच्या गावांत व बाजारपेठांत पाणी शिरले. अशा वेळी ढगांनी आकाश भरलेले असते. विमानातून वा साध्या कॅमेऱ्याने खालचे काही दिसत नाही. रडार असलेले उपग्रह मात्र ढगांतूनही, रात्रीच्या अंधारातही पाण्याचा विस्तार टिपतात. ३० जुलै २०२५ रोजी भारत आणि अमेरिका यांनी मिळून पाठविलेला ‘निसार’ हा तसा उपग्रह आहे. वर गेल्यावर त्याने आपली १२ मीटर व्यासाची जाळीदार थाळी यंत्राच्या बाहूने आपणहून उघडली. दर १२ दिवसांनी तो पृथ्वीच्या त्याच भूभागावरून पुन्हा जातो. तोही माणसावाचून काम करणारा दूरचा मुनीमच, आणि त्याच्या रोजकीर्दीत आपल्या वैनगंगेचेही पान आहे.

एक गोष्ट मात्र यंत्रांच्या कामातून प्रत्येक पेढीने, प्रत्येक कचेरीने आणि प्रत्येक कुटुंबाने घेण्यासारखी आहे. काय बिघडू शकेल याची यादी आरंभीच करावी. चुकले तर आकडे लपवू नयेत. मुनिमाला झेपेल एवढी चौकट द्यावी, आणि व्यवहार संपल्यावर बारदान्यासकट हिशेब मिटवावा.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी काकाजींबरोबर धरणाच्या भिंतीवर उभा होतो. पाणी संथ होते. त्यांनी पश्चिमेकडे बोट केले. “तिकडं आमचं गाव होतं,” ते म्हणाले. थोडे थांबून त्यांनी विचारले, “सेठजी, तशी गाडी पान्याखाली जाते का?”

मी म्हणालो, “जाते, काकाजी. समुद्राच्या तळाशी जातात, जहाजांचे बूड आणि धरणांच्या भिंती तपासतात. माणूस वरच बसतो आणि पडद्यावर पाहतो.”

“मंग कधी आली तं तिले सांगा,” ते म्हणाले, “देवळाच्या मागं पिपराचा पार होता. त्याच्या उत्तरेच्या बाजूनं माझ्या बापानं एक दगड बसवला होता. तो हाय का, तेवढं पाहून ये म्हनाव.”

परतताना माझ्या मनात आले, शास्त्रज्ञ आपल्या यंत्राला वर्षानुवर्षे विचार करून जी आज्ञा देतात, ती याहून वेगळी नसते. कोणत्या जागी जायचे, कोणत्या बाजूने पाहायचे आणि नेमके काय शोधायचे, हे सारे त्या एका वाक्यात होते. मुनीम कितीही दूर गेला तरी काय विचारायचे हे घरी बसलेल्यालाच ठाऊक असावे लागते. काकाजींना ते ठाऊक होते.